एआयच्या सरकारी मसुद्यावर सूचना कशी पाठवावी: एका डबिंग कलाकाराच्या वहीतून

२०२५च्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी म्हणजे २२ ऑक्टोबरला, आमच्या डबिंगवाल्यांच्या ग्रुपवर एक पीडीएफ आली. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ मध्ये दुरुस्ती करण्याचा मसुदा काढला होता. एआयनं तयार केलेली चित्रं, व्हिडिओ आणि आवाज यांच्यावर तसं लेबल हवं, हा त्याचा विषय. सूचना पाठवायची शेवटची तारीख ६ नोव्हेंबर. घरोघरी भाऊबीजेची तयारी चाललेली. पीडीएफखाली चार अंगठे उमटले आणि एकानं विचारलं, "यात आपण काय करणार?"

मी सूचना पाठवली. आयुष्यातली पहिली. त्यानंतर आणखी दोन पाठवल्या. ते करताना जे शिकले ते इथे सांगते, कारण पुढचा मसुदा शिक्षकांबद्दल, दुभाष्यांबद्दल, ड्रायव्हरांबद्दल, शेतकऱ्यांबद्दल, कोणाबद्दलही असू शकतो, आणि तेव्हाही हातात थोडेच दिवस असतील.

आधी माझं कारण सांगते. तुमच्याकडेही असं एखादं कारण असेल तर सूचना लिहिणं पुष्कळ सोपं जातं.

मी २६ वर्षं पुण्यात डबिंग आणि जाहिरातींचे व्हॉइसओव्हर करते, अलीकडे ऑडिओबुकंही. २०२३ साली एका स्टुडिओत मी चार तास सुटी सुटी वाक्यं वाचली. 'वाचन चाचणी' आहे असं सांगितलं होतं, मानधन सहा हजार. करारपत्राच्या दुसऱ्या पानावर 'सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' असे शब्द होते आणि मी सही केली. दीड वर्षानं चिपळूणहून नणंदेचा फोन. "वहिनी, तुमचं तेल मागवलं हो मी. तुम्ही सांगताय म्हटल्यावर चांगलंच असणार." कसलं तेल, मला काही पत्ता नाही. तिनं दुसऱ्या मोबाइलवर जाहिरात लावून ऐकवली. सांधेदुखीचं तेल, आणि आवाज माझा. फक्त 'जखडलेले सांधे' म्हणताना त्यातला 'ज' 'जीवन'मधल्या 'ज'सारखा आला होता. मराठी माणूस 'जखडलेले' तसं म्हणत नाही, तिथे 'जोर'मधला 'ज' हवा. तेवढ्यावरूनच कळलं की हे मी म्हटलेलं नाही. तिनं दीड हजार रुपये भरले होते. ते परत आले नाहीत.

मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाला एआयच्या नकलेपासून संरक्षण दिलं. त्याचा मला मनापासून आनंद झाला. पण हे संरक्षण सगळ्यांच्या ओळखीच्या आवाजाला मिळालं. माझा आवाज लोकांच्या कानात असतो, नाव कोणालाच ठाऊक नसतं. माझ्यासारखीला कोर्टाच्या आधी नियमाचाच आधार लागतो, म्हणून तो नियम लिहिला जात असतानाच बोलायला हवं.

मसुदा हातात आल्यावर

पहिलं काम तारखेचं. कॅलेंडरवर शेवटची तारीख लिहा आणि तिच्या दोन दिवस आधीची तारीख स्वतःसाठी पक्की करा. मसुदे मंत्रालयाच्या संकेतस्थळावर, मायगव्ह या सरकारच्या लोकसहभागाच्या संकेतस्थळावर आणि राजपत्रात येतात. बातमीवर विसंबू नका. बातमीत नियमाचा एखादाच भाग असतो, आणि तुमच्या कामाचं वाक्य बहुतेक वेळा दुसऱ्याच भागात असतं.

मुदत अपुरी वाटली तर तसंही लिहून कळवता येतं. केंद्र सरकारचं २०१४ सालचं कायदेपूर्व सल्लामसलतीचं धोरण आहे. त्यात म्हटलंय की मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, तो का आणला आणि त्याचा लोकांच्या जगण्यावर काय परिणाम होईल हे सोबत सांगावं, आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा संकेतस्थळावर द्यावा. आमच्या मसुद्याला १५ दिवस मिळाले होते. अनेकांनी मुदत मागितली आणि ती १३ नोव्हेंबरपर्यंत वाढली. मुदतवाढीच्या पत्रात या २०१४च्या धोरणाचा उल्लेख जरूर करा.

मग कागद छापून घ्या. मोबाइलवर वाचून हे काम होत नाही. तीन कागद लागतात: मसुदा, त्यासोबतचं स्पष्टीकरणाचं टिपण, आणि ज्यात दुरुस्ती होणार आहे ते मूळ नियम. मसुदा एकटाच वाचला तर अर्धा कळतो, कारण त्यात 'अमुक पोटनियमानंतर पुढील मजकूर घालावा' अशीच वाक्यं असतात. मी मूळ नियमाच्या छापील प्रतीत नवा मजकूर पेन्सिलीनं जागच्या जागी लिहून घेतला. सबंध संध्याकाळ गेली. पण त्यानंतर कोणतं बंधन कोणावर आहे हे लख्ख दिसलं: आवाज आणि चित्रं बनवून देणाऱ्या सेवांवर एक, आणि ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मोठ्या समाजमाध्यमांवर दुसरं. इंग्रजी मसुद्यात 'शॅल' कुठे आहे आणि 'मे' कुठे, याला वेगवेगळ्या रंगांनी खूण करा. पहिलं बंधनकारक, दुसरं ऐच्छिक. कित्येकदा सगळा वाद तेवढ्या एका शब्दाचा असतो.

आपल्या धंद्याच्या मापानं मोजा

माझ्या सगळ्या सांगण्यात हे सर्वांत महत्त्वाचं, म्हणून इथे जरा रेंगाळते.

मसुद्यात असं होतं की चित्र किंवा व्हिडिओ असेल तर लेबलनं किमान १० टक्के जागा व्यापावी, आणि आवाज असेल तर लेबल सुरुवातीच्या १० टक्के वेळात यावं. वाचायला ठीक वाटतं. मी स्टॉपवॉच घेऊन बसले.

३० सेकंदांच्या जाहिरातीत मी साधारण साठ-पासष्ट शब्द बसवते. तिचे १० टक्के म्हणजे तीन सेकंद, सहा-सात शब्द. 'हा आवाज कृत्रिम आहे' हे त्यात निवांत बसतं. दहा सेकंदांची जाहिरात घेतली तर एकच सेकंद उरतो. तेवढ्यात दोन शब्द, तेही घाईनं, गुंतवणुकीच्या जाहिरातींच्या शेवटी जोखमीची सूचना पळवतात तसे. आता उलट टोक बघा. आठ तासांच्या ऑडिओबुकाचे १० टक्के म्हणजे ४८ मिनिटं. लेबल या ४८ मिनिटांत कुठेही, एकदाच आलं तरी नियम पाळला जाईल, की ४८ मिनिटं सतत यायला हवं? मसुद्याच्या वाक्यातून दोन्ही अर्थ निघत होते. आणि पहिल्या अर्थानं एखाद्यानं चाळिसाव्या मिनिटाला लेबल टाकलं, तर तोवर ऐकणाऱ्याची खात्री पटून चुकलेली असणार.

टक्केवारी ही चित्राची भाषा आहे. आवाज वेळेत वाहतो, त्याला टक्के लावले की लहान मजकुरात लेबल चिरडतं आणि मोठ्यात हरवतं. दिल्लीत मसुदा लिहिणाऱ्याला हे सुचलं नाही यात त्याचा काही दोष मी मानत नाही, तो कधी दहा सेकंदांत वाक्य बसवायला माइकसमोर उभा राहिलेला नाही. म्हणून तर आपलं लिहिणं त्याच्या उपयोगाचं. तुम्ही नर्स असाल, बँकेत काउंटरवर असाल, छापखान्यात असाल, तुमच्याकडे असं मोजमाप असतंच. मसुद्यातलं एक वाक्य घ्या आणि ते तुमच्या कामाच्या एका दिवसाला लावून बघा.

आमच्या रेकॉर्डिस्टनं आणखी एक गोष्ट दाखवली. 'कृत्रिम' मजकुराची व्याख्या इतकी रुंद होती की रेकॉर्डिंगमधली पंख्याची घरघर सॉफ्टवेअरनं काढली तरी माझा खराखुरा आवाज तिच्यात बसू शकत होता. हे मला एकटीला दिसलं नसतं. म्हणून वाचायला दोघं तरी बसा, आणि दुसरा माणूस त्याच धंद्यातला पण वेगळ्या खुर्चीवरचा असू द्या.

सूचना लिहिताना

मंत्रालयानं नियमवार सूचना मागितल्या होत्या, वर्ड किंवा पीडीएफमध्ये. नियमवार म्हणजे नियमवारच. वर दोन ओळींत आपण कोण, काय काम करतो, किती वर्षं. मग नियम क्रमांक, त्यातले अडचणीचे शब्द जसेच्या तसे, अडचण काय, आणि त्याऐवजी कोणते शब्द हवेत. चौथा भाग लोक गाळतात आणि तिथेच सूचना वाया जाते. 'हा नियम कडक करावा' असं लिहून अधिकाऱ्याच्या हातात काहीच येत नाही. त्याला वाक्य द्या.

माझ्या सूचनेतला तो भाग असा होता:

"नियम ३(३). आवाजाच्या बाबतीत 'सुरुवातीच्या १० टक्के कालावधीत' हे शब्द काढावेत. त्याऐवजी: लेबल ध्वनिमुद्रणाच्या अगदी सुरुवातीला, इतर कोणताही शब्द येण्याआधी, मूळ मजकुराच्याच भाषेत, नेहमीच्या बोलण्याच्या गतीनं आणि पूर्ण वाक्यात असावं. १० मिनिटांहून मोठ्या ध्वनिमुद्रणात ते दर १० मिनिटांनी पुन्हा यावं."

'मूळ मजकुराच्याच भाषेत' हे माझ्या नणंदेसाठी. मराठी जाहिरातीआधी कोणी इंग्रजीत दोन शब्द पुटपुटले तर तिला त्यातून काही कळणार नाही. लेबलचं वाक्य मी तिलाच फोनवर वाचून दाखवलं. 'हा आवाज कृत्रिम आहे.' ती म्हणाली, "कृत्रिम म्हणजे कसा, वहिनी? बसलेला?" थोडं बोलल्यावर तीच म्हणाली, "'हा माणसाचा आवाज नाही' म्हणा ना. ते कळतं." मी नमुना म्हणून तेच वाक्य जोडलं. ज्याच्यासाठी नियम करायचाय त्या माणसाला तुमचं वाक्य ऐकवल्याशिवाय सूचना पाठवू नका.

स्वतःवर गुदरलेला प्रसंग लिहायचा असेल तर पाच-सहा ओळींत, पुरावा हाताशी असेल तेवढाच. मी तेलाची गोष्ट लिहिली, कंपनीचं नाव लिहिलं नाही. ती तक्रार वेगळी, तिची जागाही वेगळी. एकूण दोन पानं पुरतात.

भाषेचं अनेकांना दडपण येतं. संविधानाचा अनुच्छेद ३५० सांगतो की आपल्या गाऱ्हाण्याचं निवेदन संघाच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. तेव्हा मराठीत लिहा. मी मूळ सूचना मराठीत आणि वर अर्ध्या पानाचा इंग्रजी सारांश असं पाठवते. तत्त्वासाठी मराठी, आणि वाचणाऱ्याचा वेळ वाचावा म्हणून सारांश. मसुदाच मराठीत हवा असेल तर तीही मागणी करा. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २०२०च्या मसुद्याच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयानं तो संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत उपलब्ध करून द्यायला सांगितलं होतं.

तयार मजकूर कॉपी करून शंभर जणांनी पाठवणं टाळा. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं डिसेंबर २०१५ मध्ये वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी इंटरनेटचे वेगवेगळे दर लावण्याबद्दल चार प्रश्न विचारले होते. फेसबुकनं आपल्या वापरकर्त्यांकडून 'फ्री बेसिक्स'च्या, म्हणजे ठरावीक संकेतस्थळं फुकट दाखवणाऱ्या आपल्या योजनेच्या बाजूनं लाखो साचेबंद उत्तरं पाठवली. प्राधिकरणानं स्पष्ट सांगितलं की विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच त्यांत नाहीत. ८ फेब्रुवारी २०१६ला निर्णय आला आणि भेदभावाच्या दरांवर बंदी आली. त्याआधी २०१५च्या एप्रिलमध्ये इंटरनेट समानतेच्या, म्हणजे सगळ्या संकेतस्थळांना सारखीच वागणूक मिळण्याच्या बाजूनं दहा लाखांवर ईमेल गेले होते, तेव्हा प्राधिकरणानं पाठवणाऱ्यांचे ईमेल पत्तेही संकेतस्थळावर टाकले आणि मोठा गदारोळ झाला. म्हणून सूचनेसाठी वेगळा ईमेल पत्ता ठेवा आणि घरचा पत्ता, मोबाइल नंबर मजकुरात घालू नका.

गटानं पाठवायचं असेल तर एक सविस्तर पत्र आणि त्याखाली प्रत्येकानं आपापल्या अनुभवाचा एकेक परिच्छेद. आम्ही अकरा जणांनी तसं केलं. एका सहकाऱ्यानं लहान मुलांच्या कार्टूनबद्दल लिहिलं, एकीनं बसस्थानकावरच्या घोषणांबद्दल. तिचा मुद्दा मला फार आवडला: बसच्या घोषणेआधी दर वेळी लेबल वाजलं तर ज्याला दिसत नाही त्या प्रवाशाला नेमकं गाडीचं नाव ऐकू येणार नाही.

पाठवल्यानंतर

पोच आली तर जपून ठेवा, नाही आली तर पाठवलेल्या ईमेलची तारखेसह छापील प्रत ठेवा. मग माहितीचा अधिकार. केंद्राकडे अर्ज ऑनलाइन करता येतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. केंद्राच्या अर्जाला ५०० शब्दांची मर्यादा आहे. महाराष्ट्र शासनाकडे अर्ज करताना मात्र १५० शब्द आणि एकच विषय, हे विसरू नका. सूचना पाठवणाऱ्यांची नावं मागू नका, ती मिळत नाहीत. वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ला आला तेव्हा सरकारनं आधीच सांगितलं होतं की सूचना विश्वासानं जपल्या जातील, उघड होणार नाहीत. पुढे त्या ६,९१५ आल्या, हे सरकारनंच जाहीर केलं. तुम्ही मागा ती संख्या, सूचनांचा गोषवारा, आणि कोणत्या मुद्द्यावर काय ठरलं त्याची कारणं. माहिती अधिकार अधिनियमाचं कलम ४(१)(ग) सांगतं की लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं ठरवताना सगळी संबंधित तथ्यं प्रसिद्ध करावीत. अर्जात ते कलम लिहा.

दुसरी वाट खासदारांची. त्यांना मागणीचं निवेदन देण्यापेक्षा तयार प्रश्न द्या, नेमका, चार ओळींचा, उत्तरात आकडा यावा असा. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, अतारांकितला लेखी. अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच प्रश्न पोचवा, कारण खासदारांना प्रश्नाची नोटीस पंधरा दिवस आधी द्यावी लागते. ५ डिसेंबर २०२५ला कल्याणचे खासदार श्रीकांत शिंदे यांनी डीपफेकच्या, म्हणजे एआयनं बनवलेल्या खोट्या चित्रफिती-आवाजांच्या, नियमनाचं खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या खासदारानं स्वतः आणलेलं) लोकसभेत मांडलं. खासगी विधेयकं मंजूर होणं दुर्मीळ, पण तुमच्या खासदारांशी बोलायला त्यानं एक निमित्त मिळतं.

आमच्या मसुद्याचे अंतिम नियम १० फेब्रुवारी २०२६ला निघाले आणि २० फेब्रुवारीपासून लागू झाले. १० टक्क्यांची अट गेली. आवाजाचं लेबल मजकुराच्या आधी, ठळकपणे असावं असं आलं. आवाजातला गोंगाट कमी करण्यासारखी साधी तांत्रिक दुरुस्ती व्याख्येतून वगळली. हे आमच्या पत्रामुळे झालं असं मी म्हणणार नाही, पुष्कळांनी हे मुद्दे मांडले होते. पण गोंगाटाबद्दलचं ते वाक्य वाचलं तेव्हा मी रेकॉर्डिस्टला फोन लावला आणि आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

भाषेचा आणि गतीचा मुद्दा मात्र आला नाही. आणि एक नवीनच गोष्ट आली: न्यायालयाच्या आदेशानंतर किंवा सरकारनं कळवल्यानंतर मजकूर काढून टाकायची मुदत ३६ तासांवरून ३ तासांवर आणली. ऑक्टोबरच्या मसुद्यात हे नव्हतंच, त्यामुळे त्यावर कोणी सूचना पाठवू शकलं नाही. खोटी जाहिरात तीन तासांत उतरली तर मला हवंच आहे. पण तीन तासांत शहानिशा न करता खराखुरा मजकूरही उतरेल, आणि तो विडंबन करणाऱ्याचा किंवा पत्रकाराचा असेल. मसुद्यात नसलेलं काही अंतिम नियमांत आलं तर गप्प बसू नका. अंतिम नियमांवरही पत्र लिहिता येतं, त्यात २०१४च्या धोरणाचा दाखला देऊन विचारा की हा भाग लोकांसमोर का ठेवला नाही. माझी दुसरी सूचना हेच पत्र होतं.

तिसरी अजून चालू असलेल्या विषयावर. उद्योग आणि अंतर्गत व्यापार विभागानं ८ डिसेंबर २०२५ला एआय आणि कॉपीराइटवर कार्यपत्रिका काढली. त्यात सुचवलंय की एआय कंपन्यांना कायदेशीरपणे मिळालेलं साहित्य एआयला शिकवण्यासाठी वापरायचा सरसकट परवाना मिळावा, निर्मात्याला नकार देता येऊ नये, आणि त्याबदल्यात मानधन एका मध्यवर्ती संस्थेमार्फत वाटलं जावं. मी एकच प्रश्न मांडला: डबिंग कलाकाराचं नाव बहुतेक चित्रफितींच्या श्रेयनामावलीत नसतं, मग हे मानधन त्याच्यापर्यंत कोणत्या नोंदीवरून पोचणार? सोबत माझ्या कामांची यादी जोडली, शेवटच्या पाच वर्षांतली, प्रत्येकासमोर 'नाव आहे' किंवा 'नाव नाही' अशी नोंद करून.

तुम्ही आत्ता, कोणताही मसुदा आलेला नसताना, एवढं करून ठेवा. आपल्या कामाची अशी एक वही उघडा. तारीख, काय घडलं, किती वेळ, किती पैसे, कोणतं यंत्र किंवा अ‍ॅप, काय चुकलं. माझ्या वहीत पहिली नोंद 'जखडलेले'तल्या 'ज'ची आहे.